दुकानदाराला हिशेब शिकवू नका, हिशेब द्या

छोट्या व्यापाऱ्यांविषयीचा एक आरोप गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा उच्चारला गेला आहे की आता तो आरोप वाटतच नाही, माहिती वाटतो. बँकांच्या परिषदांत, व्यापारी संघटनांच्या मेळाव्यांत, वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत तो ठरलेल्या शब्दांत मांडला जातो. किराणा दुकानदार, भाजीवाले, टपरीवाले, शिंपी, गॅरेजवाले यांना अर्थसाक्षरता नाही. म्हणून ते रोखीला चिकटून राहतात, सावकाराकडे जातात, ॲपला बिचकतात. त्यांना नीट शिकवलं की सगळं सुरळीत होईल. मग एक शिबिर ठरतं, पत्रकं वाटली जातात, फोटो निघतात.

ही मांडणी चुकीची आहे, आणि ती नुकसानही करते. व्यवस्थेतली एकही गोष्ट बदलणं ज्याच्या हातात नाही, त्याच माणसाच्या माथी ती दोष मारते. बँक, कर खातं, कर्ज देणाऱ्या कंपन्या आणि पोलीस यांच्याकडून जी उत्तरं मागायला हवीत, ती मग कोणी मागतच नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयचा प्रारंभ केला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. हा पसारा मॉलमधल्या खरेदीने उभा राहिलेला नाही. व्यापाऱ्यांना यूपीआयवरून मिळणाऱ्या रकमांपैकी बहुसंख्य पाचशे रुपयांच्या आतल्या असतात. चहा, वडापाव, कोथिंबिरीची जुडी, पंक्चर, झेरॉक्स. ज्यांना आपण डिजिटल व्यवहारात मागे म्हणतो, त्यांच्याच गल्ल्यावर जगातला एक मोठा डिजिटल व्यवहार चालतो आहे.

हे घडलं कशामुळे? तीन गोष्टींमुळे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क शून्य झालं. त्याआधी कार्डाचं मशीन ठेवायचं तर भाडं आणि वर प्रत्येक विक्रीतला कट, हा खर्च पाच टक्के नफ्यावर चालणाऱ्या दुकानाला परवडत नव्हता. दुसरं, गिऱ्हाईक कोणतंही ॲप वापरो, दुकानात एकच क्यूआर चालू लागला. तिसरा साउंडबॉक्स. पैसे आल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून गिऱ्हाईक निघून जायचं, आणि गर्दीच्या वेळी, पिठाने माखलेल्या हातांनी फोन उघडून खात्री करणं दुकानदाराला शक्य नव्हतं. रक्कम मोठ्याने बोलून दाखवणारा डबा आला आणि प्रश्न मिटला. या तीनपैकी एकही गोष्ट शिबिरात घडली नाही. खर्च, सोय आणि खात्री यांचं गणित जुळलं तेव्हा दुकानदाराने क्षणाचाही वेळ घालवला नाही. ज्याला पैशाचं कळत नाही, तो असा वागत नाही.

यावर उत्तर मिळतं की पैसे घेणं ही सोपी गोष्ट झाली, खरं अज्ञान हिशेबातलं आहे. त्यासाठी एक आकडा पुढे केला जातो. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातले फक्त २७ टक्के प्रौढ अर्थसाक्षर ठरले. आकडा खरा आहे. पण तो सर्व प्रौढांचा आहे, व्यापाऱ्यांचा नाही. आणि तो मोजला आहे व्याज, महागाई, जोखमीची विभागणी, बचतीच्या सवयी अशा ठरावीक प्रश्नांवरून. गुंतवणूकदारासाठी हे प्रश्न योग्यच आहेत. दुकान चालवायला लागणारं ज्ञान त्यांत मोजलंच जात नाही.

घाऊक व्यापारी महिनाभराची उधारी देतो आणि सांगतो, सात दिवसांत रोख द्याल तर दोन टक्के सोडतो. तेवीस दिवस आधी पैसे देण्याचा हा मोबदला वर्षाच्या दराने तीस टक्क्यांहून जास्त पडतो. सूत्र मांडून दाखवा म्हटलं तर बहुतेक दुकानदारांना जमणार नाही. पण काहीही करून ते दोन टक्के सोडवून घ्यायचे, हे त्यांना गल्ल्यावर बसल्या पहिल्या वर्षातच कळलेलं असतं. कोणत्या घराची उधारी ऊसबिल आल्यावर फिटते, कोणाची पगाराच्या तारखेला, कोणाची कधीच नाही. कोणता माल सणाआधी भरायचा आणि कोणता परत करता येईल. भिशी कितव्या महिन्यात उचलली तर हंगामाला उपयोगी पडेल, हे सगळं वित्त व्यवस्थापनच आहे. प्रश्नपत्रिकेत ते नसेल, तर उणीव प्रश्नपत्रिकेत आहे.

या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. बायका अक्षरं शिकायला बसल्या, आणि काही महिन्यांनी थेट अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला लिहितावाचता येत नसेल, पण मोजता येतं, असं त्यांनी सांगितलं. कोणत्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, आम्ही तोंडी सांगतो, तुमचे अधिकारी यंत्रावर काढू देत, असं आव्हान त्यांनी दिलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रिझर्व्ह बँकेला जी उणीव कागदावर दिसली होती, ती बायकांच्या डोक्यात नव्हती. पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला तरी आपली अर्थसाक्षरतेची चर्चा त्या फेटाळलेल्या अर्जाच्या पातळीवरच अडकली आहे.

आता नकाराकडे येऊ. यूपीआय घेणारा दुकानदारही कधी कधी क्यूआर काढून ठेवतो, मोठी रक्कम रोखीत मागतो, बँकेत सगळा पैसा ठेवत नाही. याला अडाणीपणा म्हणायचं की अनुभव?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते आठवा. राज्याच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. तरी एका भाजीविक्रेत्याकडे सुमारे २९ लाखांची मागणी गेली. काही दिवसांत बेंगळुरूच्या टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना व्यापाऱ्यांची बैठक घेऊन जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगावं लागलं. त्या पाट्या लावणारे लोक अर्थनिरक्षर नव्हते. आपल्या खात्यातली नोंद आपल्याविरुद्ध कशी वापरली जाऊ शकते, हे त्यांना उत्तम समजलं होतं.

त्यांच्या भीतीमागचं गणितही पाहा. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीनंतर लागते. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची. त्यानंतर महागाई वाढत गेली, मर्यादा तिथेच राहिली. ४० लाख ऐकायला मोठी रक्कम आहे, पण दिवसाला ती जेमतेम ११ हजार पडते. वस्तीतलं साधं किराणा दुकान इतकी विक्री करतं. पाच टक्के नफा धरला तर वर्षाला दोन लाख, महिन्याला सतरा हजारांच्या आत. त्यात त्याच क्यूआरवर भावाने पाठवलेले पैसे येतात, भिशीचे येतात, हातउसने परत येतात. कर खात्याला यातलं काही वेगळं दिसत नाही. त्याला फक्त जमा दिसते. नोंदणी नसल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही दुकानदाराला मिळत नाही, त्यामुळे मागच्या तारखेने लावलेला कर थेट त्याच्या पोटातून जातो.

काही जण इथे म्हणतील, म्हणजे हे लोक कर चुकवण्यासाठीच रोख मागतात. काही जण चुकवतात, हे मी नाकारत नाही. ज्याची उलाढाल मर्यादेपलीकडे आहे त्याने कर भरलाच पाहिजे. पण मग निदान आरोप तरी एक ठरवा. जो माणूस करकायद्याच्या फटी ओळखून पावलं टाकतो, तो त्याच वेळी पैशाच्या बाबतीत अज्ञानी असू शकत नाही. दोन्ही आरोप एकाच माणसावर आलटूनपालटून केले जातात, कारण दोन्हींचा उपयोग एकच आहे. बोलणाऱ्याला स्वतःकडे पाहावं लागत नाही.

दुसरी भीती खातं गोठवलं जाण्याची. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली की चोरीच्या पैशाचा माग खात्याखात्यांतून काढला जातो. चोराने त्यातल्या दोन हजारांचा माल एखाद्या दुकानातून घेतला असेल, तर ते दुकानही त्या साखळीत येतं. दुकानदाराने रीतसर माल विकलेला असतो. पण सकाळी पाहतो तर खातं बंद. तक्रार कधी कधी दुसऱ्याच राज्यातली असते, आणि बँक हात वर करून पोलिसांकडे बोट दाखवते. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की संशयित रक्कम तेवढीच रोखावी, पूर्ण खातं बंद करू नये. इतकी साधी गोष्ट सांगून घ्यायला नागरिकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. रोखीने माल विकणाऱ्या शेजारच्या दुकानदारावर ही वेळ येत नाही. मग हा शेजारी अडाणी की सावध?

तिसरा मुद्दा बँकांवरच्या विश्वासाचा. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला एक हजार रुपयेच काढता येतील असं सांगण्यात आलं. मुंबईतल्या कित्येक छोट्या व्यापाऱ्यांचं खेळतं भांडवल त्या खात्यांत होतं. तेव्हा ठेवींवरचं विमासंरक्षण एक लाखाचं होतं; फेब्रुवारी २०२० मध्ये ते पाच लाख झालं. पतसंस्थांतल्या ठेवींना तर हे संरक्षणच नाही. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केली. नियामकाने ती योग्य कारणासाठी केली असेल. पण आपल्या क्यूआरमागचं खातं कोणत्या बँकेत आहे याची चौकशी करत फिरावं लागलं ते दुकानदारांना. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास कोलमडलं, तेव्हा गल्ल्यात रोकड असलेल्यांचाच धंदा चालला. हे सगळं पाहिलेला माणूस थोडी रोख हाताशी ठेवतो. कुशल वित्त व्यवस्थापकही त्याला दुसरा सल्ला देणार नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र दुकानदाराला खरंच एक गोष्ट कळत नाही, आणि ती कोणामुळे कळत नाही हे सांगितलंच पाहिजे. एक उदाहरण घेऊ. ॲपवरून एक लाखाचं कर्ज, व्याज महिन्याला दोन टक्के, मुदत एक वर्ष. दुकानदार समजतो, वर्षाला चोवीस टक्के. पण व्याज पूर्ण लाखावर आकारलं जातं आणि मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत असते. त्यामुळे खरा दर सुमारे बेचाळीस टक्के होतो. तीन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी आधीच कापून घेतला, तर तोच दर एकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो. हा आकडा तोंडी काढणं चार्टर्ड अकाउंटंटलाही जमत नाही. तो काढून दाखवणं कर्ज देणाऱ्याचं काम आहे, आणि त्याच्या संगणकात तो पहिल्या सेकंदापासून असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य विवरण देणं बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. नियम चांगला आहे. पण ते विवरण फोनवर इंग्रजी अटींच्या लांबलचक पानांत पुरलं जात असेल, आणि ‘स्वीकारतो’ हे बटण तेवढं मोठं असेल, तर अज्ञान शिकवण्याने जाणार नाही. ते अज्ञान तयार केलेलं आहे.

अर्थात दुकानदारांच्या स्वतःच्या उणिवाही आहेत. घरखर्च आणि धंद्याचा पैसा एकाच गल्ल्यातून निघतो. स्वतःच्या आणि बायकोच्या श्रमांची मजुरी कोणी धरत नाही, त्यामुळे तोट्यातला धंदा नफ्यातला वाटतो. छोट्या धंद्याचं उत्पन्न अंदाजाने ठरवण्याची जी योजना प्राप्तिकर कायद्यात आहे, तिच्यात रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरला जातो आणि डिजिटल जमेवर सहाच टक्के. ही सवलत अनेकांच्या कानावरही आलेली नसते. हे शिकवायला हवं, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कसं शिकवायचं याचा.

त्याचं उत्तर अभ्यासातून मिळालेलं आहे. अलेजांद्रो ड्रेक्सलर, ग्रेग फिशर आणि अँटोनेट शोअर यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या उद्योजकांवर प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, दुसऱ्याला साधे ठोकताळे : घरचा आणि धंद्याचा पैसा वेगवेगळ्या खणांत ठेवा, स्वतःला ठरावीक पगार द्या. हिशेबशास्त्र शिकलेल्यांच्या वागण्यात लक्षणीय फरक पडला नाही. ठोकताळे शिकलेल्यांच्या नोंदी आणि व्यवस्थापन सुधारलं. शिकणारे दोन्हीकडे सारखेच होते. फरक काय आणि कसं शिकवलं यात होता.

आणि कित्येक धोके असे आहेत की ते शिकवून टळत नाहीत, काढून टाकावे लागतात. ‘पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं शिबिरांत सांगितलं गेलं, कारण भामटे पैसे मागणारी विनंती पाठवून लोकांकडून पिन टाकून घेत. लोक फसतच राहिले. अखेर राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही विनंतीची सोयच बंद केली. जी चूक आपण लोकांच्या अज्ञानाची म्हणत होतो, ती रचनेची होती, आणि एका निर्णयाने दुरुस्त होणारी होती.

आपल्याकडच्या जुन्या बँकांना हे कळत होतं. १९२८ साली उडुपीत सुरू झालेल्या पिग्मी ठेव योजनेने बँकेचा माणूस रोज दुकानाच्या दारात उभा केला. दिवसाला दोन आणेसुद्धा घेतले जात. दुकानदाराने बँकेच्या वेळेप्रमाणे जगावं अशी अपेक्षा तिने ठेवली नाही. बँकच त्याच्या रोजच्या कमाईच्या तालावर चालली. महाराष्ट्रातल्या बाजारपेठांत पिग्मी एजंट आजही फिरतो, तो त्या समजुतीमुळे.

म्हणून माझ्या मागण्या दुकानदाराकडे नाहीत. कर खात्याने केवळ यूपीआयची जमा पाहून मागणीची नोटीस काढू नये. आधी माहिती विचारावी, करमुक्त माल आणि घरगुती व्यवहार वगळावेत, नोंदणीसाठी पुरेशी मुदत द्यावी, आणि ४० लाखांची मर्यादा महागाईशी जोडावी. पोलिसांनी आणि बँकांनी संशयित रक्कम तेवढीच रोखावी, आणि निर्दोष व्यापाऱ्याचे पैसे किती दिवसांत सुटतील ते लेखी सांगावं. कर्ज देणाऱ्या प्रत्येक ॲपने संमतीच्या बटणाआधी, पहिल्याच पडद्यावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत वार्षिक दर आणि परत द्यायची एकूण रक्कम दाखवावी. प्रत्येक क्यूआरमागे तक्रार ऐकणारा, मराठी बोलणारा माणूस असावा. शिबिरं घ्यायची तर वही-खातं तपासून, त्या धंद्याचे ठोकताळे हाती देऊन घ्यावीत.

अर्थसाक्षरतेचं काम मनापासून करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि बँक अधिकाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी दुकानदारांपुढे उभे राहाल तेव्हा आपल्या पत्रकाआधी त्यांच्या तीन तक्रारी लिहून घ्या आणि त्या वर पोहोचवा. दुकानदाराने रोज रात्री गल्ला मोजून स्वतःचा हिशेब चोख ठेवला आहे. आता हिशेब द्यायची पाळी त्याच्याकडून हिशेब मागणाऱ्यांची आहे.